रोजची साडेएकोणचाळीस मिनिटं: ‘रेड मार्स’ वाचताना

मंगळावरचा दिवस आपल्या दिवसापेक्षा साधारण साडेएकोणचाळीस मिनिटांनी मोठा असतो. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘रेड मार्स’ या कादंबरीतल्या माणसांनी त्यावर काढलेली तोड मला फार आवडली. रात्री बारा वाजले की घड्याळं थांबवायची आणि जास्तीचा वेळ सरला की पुन्हा सुरू करायची. मधला वेळ कुणाच्याच हिशोबात नाही. ते वाचलं त्या रात्रीपासून मी ठरवून टाकलं, ओटा आवरून झाला की तेवढा वेळ या पुस्तकाचा. दिवसाला सात-आठ पानं व्हायची. अडीच महिने लागले.

माझी प्रत पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळाली, दीडशे रुपयांना. सहाशेच्या आसपास पानं, बारीक टाईप. निम्म्यात आले तर पाठीचा डिंक सुटला आणि पानांचे गठ्ठे हातात यायला लागले. मेहकरला शाळेची रजिस्टरं बांधणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी सगळा डिंक खरवडून काढला, टोच्याने भोकं पाडली आणि जाड दोऱ्याने शिवून दिलं. शिवण आत घेतल्यामुळे ओळींची सुरुवात दिसायला पुस्तक जोर लावून उघडावं लागतं, पण पान एकही गेलं नाही.

कादंबरी १९९२ ची. तिच्यातलं यान २०२६ मध्ये शंभर माणसं घेऊन मंगळाकडे निघतं. पहिल्याच प्रकरणात एक खून होतो, कुणी घडवून आणला तेही लगेच कळतं, आणि मग लेखक आपल्याला कित्येक वर्षं मागे नेतो. प्रत्येक भाग वेगळ्या माणसाच्या डोळ्यांनी सांगितलाय. यानातल्या प्रवासाचा भाग मला जड गेला. माया, फ्रँक आणि जॉन यांचं प्रेमप्रकरण तर निम्म्यात आटपलं असतं तरी चाललं असतं.

पण नाद्या आली आणि मी पुस्तकाची झाले. नाद्या ही रशियन इंजिनिअर. बाकीचे मंगळाच्या भवितव्यावर वाद घालत असतात तेव्हा ती विटा पाडते, पाईप जोडते, बिघडलेली यंत्रं उघडते. कामावर तिच्या हाताचं एक बोट जातं, तरी ती कामाला लागते. मी पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर आहे. पंपहाऊसमध्ये गॅस्केट गेलं की गावात काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून सांगते, साईटवरचं काम इतक्या आदराने लिहिलेलं मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेलं नाही. एखादी गोष्ट बसत का नाही, मग कशी बसवली, हे लेखक पानंच्या पानं सांगतो. कुणाला ते रटाळ वाटेल. मला त्यात आमच्या साईटवरच्या मिस्त्रींचं बोलणं ऐकू येत होतं.

याच भागात उत्तर ध्रुवाकडची मोहीम आहे. तिथल्या बर्फातून वस्तीसाठी पाणी मिळवायचं, म्हणून नाद्याला नेतात. सोबत अ‍ॅन असते, भूगर्भशास्त्रज्ञ. अ‍ॅनचं म्हणणं, मंगळ आहे तसा राहू द्या, हा दगड अब्जावधी वर्षं असाच आहे. उलट सॅक्स या दुसऱ्या शास्त्रज्ञाला हवा दाट करायची आहे, ऊब वाढवायची आहे, हिरवळ आणायची आहे. मी आपसूक सॅक्सच्या बाजूची. फेब्रुवारीपासून टँकरचे अर्ज बघणाऱ्या माणसाला ‘कोरडं राहू द्या’ हे पटायचं कसं? पण त्या प्रवासात, दिवसामागून दिवस, खडक, वाळूच्या टेकड्या आणि आभाळाचा रंग बघत नाद्याच्या आत काहीतरी हलतं, आणि तिच्याबरोबर माझ्याही आत हललं. हे दहा पानांत झालं नसतं. तिच्याएवढं कंटाळून, थकून मगच तो क्षण येतो.

त्याच आठवड्यात कामानिमित्त लोणारला जाणं झालं. आम्हा बुलढाणेकरांना ते विवर नवं नाही. पण उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेलं हे विवर मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ अभ्यासतात, हे माहीत असूनही मी कधी त्या नजरेने बघितलं नव्हतं. जवळपास दोन किलोमीटर रुंद वाटी, तळाशी खारं पाणी. काठावर उभी राहिले तर पहिल्यांदाच इथे काय बांधता येईल हे डोक्यात आलं नाही. खाली वाकून दगडाला हात लावला, उन्हाने चांगलाच तापलेला होता. बराच वेळ हात तिथेच ठेवला.

शेवटच्या शंभरेक पानांबद्दल काही सांगत नाही, वाचणाऱ्याचं नुकसान होईल. इतकंच, की आधीची पाचशे पानं जे एकेक करून उभं राहताना पाहिलं, त्याचं पुढे काय होतं ते वाचताना त्या रात्री मी घड्याळ पाळलं नाही. दोन वाजले. सकाळी साडेसहाला साईटवर जायचं होतं.

इंग्रजी सोपं नाही. दऱ्या-डोंगरांची लॅटिन नावं येत राहतात. मंगळाचा नकाशा शेजारी ठेवा, मी फोनवर उघडून ठेवायचे. ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी कुठे, व्हॅलेस मरिनेरिस ही चार हजार किलोमीटरची दरी कुठून कुठे जाते, हे डोळ्यांसमोर असलं की वर्णनं ओझं होत नाहीत. गोष्ट पटकन पुढे सरकायला हवी असेल त्यांनी घेऊ नका. हाताने काम करणाऱ्यांनी मात्र जरूर घ्या, आणि पहिल्या दीडशे पानांत सोडू नका.

दुसरा भाग ‘ग्रीन मार्स’ आणलाय. तो दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली लपलेल्या वस्तीत वाढणाऱ्या एका मुलापासून सुरू होतो. काल बारा पानं झाली.