युरोफ्लो तपासणीचा अनुभव : एकाच केंद्रातले तीन आलेख

वयाच्या ६३व्या वर्षी, रात्री तीनदा उठावे लागते म्हणून, मी आमच्या भागातील एका मूत्ररोग केंद्रात पहिल्यांदा गेलो आणि त्यानंतर सलग दोन वर्षे तेथेच तपासणी करून घेतली. येथे नाव देत नाही, कारण एक तक्रारही नोंदवायची आहे.

तपासणी साधी आहे. नरसाळे बसवलेल्या खुर्चीवर किंवा उभ्याने लघवी करायची, खालचे यंत्र धारेचा वेग मोजते आणि कागदाच्या पट्टीवर आलेख उमटतो. निरोगी माणसाचा आलेख घंटेसारखा चढून उतरतो. माझा मात्र सपाट आणि लांबलचक आला, सर्वाधिक वेग सेकंदाला १४ मिलिलिटर. सोबत सात प्रश्नांची ३५ गुणांची प्रश्नावली भरून घेतली, तीत मला ७ गुण मिळाले, म्हणजे त्रास सौम्य. डॉक्टरांनी गोळी न देता संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितला, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. दुसऱ्या वर्षी वेग १० वर आला आणि गुण १५ झाले. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असणारी पुरुषांची ग्रंथी, मात्र ४२ ग्रॅमची ४३ झाली होती, एवढेच. ग्रंथी किती मोठी यावरून त्रास किती हे ठरत नाही, अडथळ्याविरुद्ध जोर करून मूत्राशयाची भिंत जाड होते आणि पुढे ती थकली की लघवी आत शिल्लक राहू लागते, हे डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून समजावले. जुनी पट्टी त्यांनी जपून ठेवली होती, हीच या केंद्राची खरी जमेची बाजू.

मग टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड सुरू झाले. पहिल्याने काही दिवसांतच धार सुटली. दुसऱ्याने ग्रंथी आटायला सहा महिने तरी लागतात. दुसऱ्या गोळीमुळे रक्तातील पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासण्यासाठी मोजतात ते प्रथिन) साधारण निम्म्यावर येतो, तेव्हा रिपोर्टमधला आकडा दुप्पट करून वाचावा, असे चिठ्ठीवर ठळक लिहून दिले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी टॅमसुलोसिनविषयी नेत्रतज्ज्ञांना सांगण्याची सूचनाही होती. तिसऱ्या वर्षी वेग १३ आला.

तक्रार रांगेची आहे. पाणी पिऊन बसा म्हणतात आणि लघवी लागल्याचे सांगितल्यावरही पाऊण तास नंबर येत नाही. मूत्राशय वाजवीपेक्षा ताणले गेले की धार आपोआप मंदावते, त्यामुळे तिसऱ्या वर्षीचे पहिले मोजमाप रद्द करून पुन्हा घ्यावे लागले. शिवाय यंत्राच्या खोलीची कडी नीट लागत नाही, आणि बाहेर कोणी ताटकळत उभे आहे हे कळत असताना माझ्या वयाच्या माणसाची धार मुळीच सुरू होत नाही. सोमवार टाळून सकाळी नऊला दार उघडताच गेल्यास हे दोन्ही त्रास बरेच कमी होतात.