ब्लाउज शिवता शिवता बघायचा समुद्र

मंगळवार पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. संध्याकाळी मालिका लागायची, ती बंद करून मी समोरच्या जुन्या टॅबवर मासे लावले, तेव्हा ट्रायलला आलेल्या बायकांना वाटलं हिला खूळ लागलं. आता त्याच हूक लावायचं विसरून बघत उभ्या असतात.

हा कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे ॲक्वेरियमचा केल्प फॉरेस्टचा लाइव्ह कॅमेरा. भाचीनं लावून दिला. फुकट आहे आणि कुणी मधे बडबडत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

केल्प म्हणजे समुद्री शेवाळ, पण रंकाळ्याच्या पायरीवर पाय घसरवतं तसलं नव्हे. उसाच्या फडागत उभं. टाकी 28 फूट उंच, वरून उघडी, त्यामुळं ऊन थेट आत उतरतं. प्रत्येक पानाच्या बुडाला हवेचा फुगा, त्याच्या जोरावर ते वर चढतं. आणि सारखं हलतं. पाणी ढकलायला मुद्दाम यंत्र बसवलंय, कारण पाणी हललं नाही तर केल्प नीट पोसत नाही. दिवसाला 10 सेंटिमीटरच्या आसपास वाढतं म्हणे, मग पाणबुडे उतरून छाटतात. छाटणारा दिसला की मी मशीन थांबवते. आमच्याच धंद्यातला माणूस!

माझा आवडता मासा शीपहेड. नराचं डोकं काळं, शेपूट काळी, मधला भाग लालसर, हनुवटी पांढरी. चार कापडं जोडल्यागत, पण जोड कुठं दिसेल तर शपथ. मादी एकरंगी गुलाबी. आणि हा मासा आधी मादी असतो, मोठेपणी नर होतो. हे सांगितल्यावर एक काकू म्हणाल्या, "म्हणजे सासूबाईंचेच मामंजी झाले की!" अर्धा तास काम बंद.

सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण. तारली मी आजवर रवा लावलेलीच बघितली होती. इथं सगळा थवा एकदम वळतो, जरीचा काठ उजेडात फिरवल्यागत. मधूनच ठिपक्यांचा लेपर्ड शार्क जातो, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी मी चालते तसा, निवांत.

वेळेचं मात्र सांभाळा. तिथं सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागं जातात, मग साडेआठ. त्यांच्याकडं रात्र असली की आधीचं रेकॉर्डिंग चालू असतं. तशी सूचना आहे, मीच वाचली नव्हती. दोन दिवस भर दुपारी एकच शार्क त्याच कोपऱ्यातून वळताना बघून "काय शिस्तीचा मासा!" म्हणत बसले, भाची हसून हसून लोळली.

तिथल्या सकाळी कधी पाणी गढूळ वाटलं तर टॅब पुसू नका, मी पुसला. रात्री खाडीतलं पाणी न गाळता आत सोडतात, त्यातनं बारीक जीव येतात. दिवसा गाळलेलं पाणी, मग काच स्वच्छ. आमच्या गल्लीतलं वायफाय नेमकं नऊला अडकतं आणि थवा हवेत टांगून राहतो, त्याला ॲक्वेरियमवाले काय करणार?

परवा एकीनं शीपहेडच्या नराचा फोटो दाखवून तसाच ब्लाउज टाकलाय. बाह्या काळ्या, मधे लाल, गळ्याला पांढरी पट्टी. बुधवारी द्यायचाय.