संध्याकाळच्या एलएलबीच्या नावाखाली माझे ४० हजार गेले

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावी वडिलांचा जमिनीचा दावा बरीच वर्षं रखडलाय. नोटिसा कन्नडमध्ये येतात. वडिलांना त्या वाचता येत नाहीत, प्रत्येक कागद घेऊन कुणाच्या तरी दारात जावं लागतं. घरात एक तरी वकील हवा, हे तेव्हापासून डोक्यात होतं. बी.कॉम. झालेलं, पण बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीच्या ऑफिसात नऊ ते सहा नोकरी.

बेळगावातल्या एका प्रवेश मार्गदर्शन केंद्राने नेमकं हेच हेरलं. "भावा, नोकरी सोडू नको. सात ते नऊ क्लास, मराठीत नोट्स, हजेरीचं आम्ही बघतो. डिग्री बाहेरच्या राज्यातली, वकिलीची सनद इथंच मिळेल." बायकोच्या भिशीचे पैसे घालून मी ४० हजार भरले.

दोन महिने एकही क्लास झाला नाही. फोन केला की "बॅच भरू दे." शेवटी वडिलांच्या वकिलांना पावती दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही.' कॉलेजचं नाव नाही, विद्यापीठाचं नाही, एलएलबी हा शब्दसुद्धा कुठे नाही. ती पावती मी पाकिटात जपून ठेवली होती, नीट वाचली मात्र नव्हती.

वकीलसाहेब म्हणाले, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत, निवासी नसलेल्या लॉ कॉलेजचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घ्यायचे असतात. हजेरी ७० टक्के लागते. घरबसल्या घेतलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. "सात ते नऊ" हे ऐकल्यावर तिथूनच उठायला हवं होतं मी.

नोकरी करणाऱ्यांनो, मधल्या माणसाकडे पैसे देऊ नका. थेट कॉलेजात जा. आपल्या भागातलं कॉलेज असेल तर हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाशी संलग्न आहे का, बार कौन्सिलच्या यादीत नाव आहे का, ते आधी बघा. वर्गाची वेळ लेखी मागा. पावती कॉलेजच्याच नावाची घ्या.

मी पोलिसांत अर्ज दिलाय, पैसे अजून आलेले नाहीत. परवा आमच्या मशीन शॉपमधल्या एका पोराला त्याच नंबरवरून फोन आला. त्याने आगाऊ पाच हजार काढूनही ठेवले होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर माझी पावती उलगडून ठेवली.