पिल्लांच्या आतड्यातला व्हायरस: पीसीआर करायची की सिक्वेन्सिंग?
हातकणंगले, शिरोळकडच्या ब्रॉयलरवाल्यांनो, एकाच बॅचमधली पिल्लं लहानमोठी व्हायला लागली, पातळ हगवण, लिटर (शेडमधला भुसा-तुसाचा थर) ओलं, तर नमुना कुठल्या टेस्टला द्यायचा?

पीसीआरमध्ये ठरवलेलाच व्हायरस शोधतात, ॲस्ट्रो, रोटा, रिओ, ज्याचे प्रायमर (त्या व्हायरसच्या जनुकाला नेमके चिकटणारे छोटे तुकडे) टाकले तेवढाच दिसणार, पण स्वस्तात आणि दिवसा-दोन दिवसात उत्तर येतं, आणि शेडमध्ये पिल्लं असताना वेळच सगळ्यात महाग. गोची एवढीच की हे आरएनए व्हायरस लय बदलतात, प्रायमर बसायची जागाच बदलली तर व्हायरस असून रिपोर्ट निगेटिव्ह.

मेटाजीनोमिक सिक्वेन्सिंगमध्ये विष्ठेतला मिळेल तो जनुकीय तुकडा वाचतात, त्यामुळं न शोधलेला व्हायरस पण सापडतो. रोटाचा जीनोम (सगळी जनुकं मिळून) ११ तुकड्यांचा, रिओचा १०, एकाच व्हायरसच्या दोन प्रकारांत या तुकड्यांची अदलाबदल झालीय का तेही बघता येतं. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त.

निरोगी कोंबड्यांतही हे व्हायरस मिळतात बरं का, म्हणून रिपोर्टमधली लांबलचक यादी बघून घाबरू नका, त्याच वयाच्या चांगल्या पिल्लांचा नमुना सोबत द्याच.

माझं मत, आधी पीसीआर आणि बरोबर कॉक्सीची (आतड्यातल्या परजीवीचा रोग) तपासणी, निगेटिव्ह येऊनही पुढच्या बॅचला तेच दिसलं तर मग सिक्वेन्सिंग, तेही आपल्या पशुवैद्यकांना विचारूनच.