घरच्या स्टुडिओत रिव्हर्ब : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मिरजेतल्या आमच्या घराच्या माडीवर १० बाय ११ फुटांची एक खोली आहे. गेली दोन वर्षे मी तिथे ध्वनिमुद्रण करतो. बहुतेक वेळा आत्याचे अभंग असतात, अधूनमधून ओळखीच्या विद्यार्थ्यांची भावगीते, आणि साथीला पेटी, तबला व तानपुरा. गेल्या आठ महिन्यांत या खोलीत मी तीन प्रकारचे रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला कृत्रिम घुमारा जोडणारी साधने, वापरले : रॅकमध्ये बसवायचे एक जुने, सेकंडहँड घेतलेले यंत्र; रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसोबत येणारे रिआव्हर्ब; आणि ५० डॉलरला विकत घेतलेले व्हॅलहॅला व्हिंटेजव्हर्ब, तेही सॉफ्टवेअरच.

पहिल्या महिन्यात झालेली चूक आधी सांगतो, कारण पुढचे सगळे शिकणे तिच्यापासून सुरू झाले. आत्याचा एक अभंग मी हेडफोनवर ऐकत मिक्स केला. हॉल, म्हणजे मोठ्या सभागृहासारखा घुमणारा, प्रकार निवडला, रिव्हर्बची लांबी ३.२ सेकंद ठेवली आणि त्याची पातळी जवळजवळ आवाजाच्या बरोबरीने लावली. रात्री ऐकताना तो फार भारदस्त वाटला. एकादशीला तोच अभंग गल्लीतल्या देवळात स्पीकरवर लावला. तिथला सभामंडप दगडी आहे, आवाज मुळातच घुमतो. माझ्या रिव्हर्बवर देवळाचा घुमारा चढला आणि ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ पार बुजून गेला. आत्या खांबाला टेकून ऐकत होती. अभंग संपल्यावर एवढेच म्हणाली, “चाल कळली रे, शब्द नाही कळले.” अभंगाच्या बाबतीत याहून मोठा दोष नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

आपल्याकडे रिव्हर्बला सर्रास ‘एको’ म्हणतात, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि हा फरक कानाला कळल्याशिवाय बटणे फिरवून उपयोग होत नाही. विजापूरच्या गोलघुमटात सज्जावर उभे राहून टाळी वाजवली की ती सुटी सुटी परत ऐकू येते, कारण घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि तेवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा अधिक वेळ लागतो. हा एको. रिव्हर्बमध्ये परत येणारे आवाज इतके दाट आणि जवळजवळ असतात की ते सुटे ऐकू येत नाहीत, मूळ स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लांबल्यासारखे वाटते.

घरच्या खोलीची अडचण याच्या उलट टोकाची आहे. माइक भिंतीपासून मीटरभर अंतरावर असेल, तर भिंतीवरून उलटलेला आवाज सुमारे ६ मिलिसेकंदांत माइकपाशी येतो. तो एकोसारखा वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजातच मिसळतो, काही कंपनसंख्या वाढवतो, काही खातो, आणि गाणे डब्यात बसून गायल्यासारखे होते. मुद्रणात शिरलेला हा डबा कोणत्याही रिव्हर्बने झाकला जात नाही. उलट रिव्हर्बला तो डबाच मिळतो आणि तो त्याचाच हॉल बनवतो. पहिले तीन आठवडे मी वेगवेगळे प्रीसेट (तयार मांडण्या) बदलत राहिलो. शेवटी आत्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगल्या, तेव्हा कुठे रिव्हर्बच्या बटणांना अर्थ आला. गोधडी वरचे स्वर शोषते, खालचे नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. आमच्या खोलीच्या सुमारे ३.४ मीटर लांबीत ५० हर्ट्झला आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झला अनुनाद होतो, आणि डग्ग्याची घुमक त्या दुसऱ्या जागी येऊन सापडते.

रॅकमधल्या यंत्राविषयी थोडक्यात लिहितो. त्याचा आवाज मला आवडला होता, विशेषतः प्लेट प्रकार. प्लेट हा शब्द मूळच्या खऱ्या पत्र्यावरून आला आहे : १९५७ साली आलेल्या जर्मनीतल्या ईएमटी १४० या यंत्रात साधारण दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद, अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ताणून बसवलेला असे, आवाजाने तो थरथरे आणि ती थरथर पुन्हा टिपली जाई. माझ्या यंत्रात अर्थातच त्या पत्र्याची आकडेमोड होती. पण त्याच्या जोडणीतून बारीक घरघर येत असे, ती घालवण्यात माझे दोन रविवार गेले, आणि महिन्याभराने जुने गाणे पुन्हा उघडले की आधीची मांडणी हाताने लावावी लागे. तिसऱ्या महिन्यात मी ते एका ऑर्केस्ट्रावाल्याला देऊन टाकले. मंचावर त्याचा चांगला उपयोग होत आहे.

व्हिंटेजव्हर्ब घेतल्यापासून तेच रोजच्या वापरात आहे. त्याच्या एकाच पडद्यावर सगळी बटणे दिसतात, आत शिरून शोधावे लागत नाही, आणि माझ्या सात वर्षे जुन्या लॅपटॉपवर त्याच्या तीन-चार प्रती एकाच वेळी बिनतक्रार चालतात. त्यात ‘कलर’ नावाची निवड आहे : १९७० चे दशक, १९८० चे दशक आणि ‘नाऊ’. पहिल्या पर्यायात १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापलेला असतो, सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांमध्ये असे तसा. मला वाटले होते की सर्वांत स्वच्छ असलेला ‘नाऊ’च चांगला ठरेल. प्रत्यक्षात अभंगाला १९७० चा मंद, किंचित जुनाट रंग शोभून दिसला, कारण आत्याच्या ‘स’, ‘श’ आणि ‘च’वर उमटणारा फसफसाट त्यात आपोआप दबतो. पेटीला मात्र तो रंग मानवला नाही. त्या रिव्हर्बच्या घुमाऱ्यात मुद्दाम घातलेल्या थरथरीमुळे (मॉड्युलेशन) लांब धरलेला स्वर हलल्यासारखा वाटतो, आणि गवयाला आधार देणाऱ्या पेटीत हे चालत नाही. पेटीसाठी ‘नाऊ’ ठेवून थरथरीची खोली जवळजवळ शून्यावर आणली, तेव्हा स्वर जागेवर बसला.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे बटण प्रीडिलेचे आहे. मूळ शब्द आणि रिव्हर्बची सुरुवात यांत ते किती मिलिसेकंदांचे अंतर ठेवायचे हे ठरवते. शून्यावर ठेवले तर व्यंजन पूर्ण उच्चारले जाण्याआधीच घुमारा त्याला मिठी मारतो. ४० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवले की व्यंजन कोरडे आणि स्पष्ट सुटते, आणि मागून स्वराची आस येते. लांबी मी आता लयीवरून ठरवतो. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची होते, म्हणून लांबी दोन मात्रांची, म्हणजे १.२ सेकंद ठेवतो. भजनी ठेक्यात टाळांचा आवाज मधे असल्यामुळे याहून लांब आस नुसता चिखल करते. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातून ६०० हर्ट्झच्या खालचा आणि १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग काढून टाकण्याची पद्धत होती. आत्याच्या आवाजाला ६०० फार वाटले, तिच्या आवाजातला खर्जाकडचा गोडवा त्यात सुटतो. मी ३०० वर थांबलो, वरचा भाग मात्र ६ किलोहर्ट्झपासूनच कापला.

गाणाऱ्याच्या कानात रिव्हर्ब द्यायचा की नाही, हा घरच्या स्टुडिओतला नाजूक प्रश्न आहे. कोरडा आवाज कानात आला की आत्या जोर लावते आणि गळा लवकर थकतो. पण संगणकातून फिरून आलेला तिचाच आवाज किंचित उशिरा ऐकू आला की ती बिचकते. यावर सापडलेला उपाय मला आजही फार आवडतो. माइक संगणकाला जोडणाऱ्या स्कार्लेट इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर सुरू ठेवायचे, म्हणजे कोरडा आवाज विनाविलंब कानात येतो, आणि संगणकातून फक्त शंभर टक्के ओला, म्हणजे मूळ आवाज वगळलेला, रिव्हर्ब पाठवायचा. संगणकाचा विलंब इथे त्रास देत नाही, तोच प्रीडिलेचे काम करतो. ही जुळणी केल्यापासून आत्या सलग तासभर गाते आणि वरच्या षड्जावर पूर्वीसारखी ताणत नाही.

रिआव्हर्ब वेगळ्या जातीचे आहे. त्यात खऱ्या जागेचा टिपलेला घुमारा घालता येतो. कृष्णाकाठच्या एका दगडी देवळात पुजाऱ्यांच्या परवानगीने भर दुपारी मी फुगा फोडला आणि पुढचे काही सेकंद टिपले. घरी ऐकले तर आवाजाच्या शेपटीत कबुतरांच्या पंखांची फडफड होती, आणि ती तशीच राहिली असती तर प्रत्येक ‘विठ्ठल’मागे पंख फडफडले असते. ती कापली, शेपूट हळूहळू विरत नेली, तरी मागची खरखर उरलीच. फुग्याऐवजी खालून वर चढत जाणारा एकसलग स्वर स्पीकरवर वाजवून मुद्रण करण्याची पद्धत अधिक स्वच्छ आहे, पुढच्या वेळी तीच वापरीन. पण त्या खडबडीत मुद्रणातही दगडाचा थंडपणा होता. एका काकडआरतीत मी तो अगदी पुसटसा, व्हिंटेजव्हर्बच्या खाली ठेवला आहे.

डग्गा अजून सुटलेला नाही. उजव्या तबल्याच्या चाटीला (काठाला) अर्ध्या सेकंदाचा छोटा रूम, म्हणजे लहान खोलीसारखा रिव्हर्ब, पुरतो, पण डग्ग्याची घुमक खोलीच्या अनुनादासह मुद्रित होते आणि रिव्हर्बकडे गेली की पसरते. सध्या मी डग्गा पूर्ण कोरडा ठेवतो, आणि तबलजी तक्रार करतो की दोन हात दोन खोल्यांत वाजल्यासारखे वाटतात. त्याचे म्हणणे खरे आहे. कोपऱ्यांत जाड, खोल भरावाचे चौकोन बसवल्याशिवाय यावर उपाय दिसत नाही, आणि त्यासाठीच सध्या पैसे बाजूला ठेवतो आहे.

तानपुऱ्याला मात्र मी आता काहीच लावत नाही. आमचा तानपुरा इथल्याच कारागिराकडचा आहे, जवारी (तारांना झणकार देणारी घोडीची घडण) नीट लावलेली आहे, आणि चार तारा एकीमागून एक सुटल्या की पहिलीची आस संपण्याआधी चौथी बोलू लागते. एकदा मिक्स करताना त्या ट्रॅकवरचा रिव्हर्ब चुकून बंद राहिला. दुसऱ्या दिवशी ऐकताना आत्याने विचारले, “आज तानपुरा जवळ आणून ठेवलास का रे?” तेव्हापासून तो तसाच जवळ आहे.