फेलूदा मराठीत वाचायचा, तर सुरुवात ‘शोनार केल्ला’पासून

सत्यजित राय यांच्या, फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठी मुलांच्या हाती आल्या, ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र संच घरी आला की पालक पहिल्या कथेपासून क्रमाने वाचायला लावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाशी मूल थांबतं. दोष मुलाचाही नाही आणि पुस्तकाचाही नाही, क्रमाचा आहे.

फेलूदा पहिल्यांदा आला १९६५ साली, ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात. दार्जिलिंगमधली ती छोटी गोष्ट छापील अक्षरं कापून चिकटवलेल्या एका धमकीच्या पत्राभोवती फिरते. पाठोपाठची ‘बादशाही आंग्टी’ ही लखनौमधली कादंबरी चांगलीच आहे, पण तिच्यात मोठी माणसं बरीच आणि संवाद लांब. दहा वर्षांच्या मुलाला कोण कोणाचा कोण, हेच लक्षात राहत नाही. शिवाय या दोन्हींत जटायू नाही. लालमोहन गांगुली, म्हणजे ‘जटायू’ या टोपणनावाने थरारक कादंबऱ्या लिहिणारा भाबडा लेखक, मालिकेत येतो तो ‘शोनार केल्ला’मध्ये, रेल्वेगाडीतल्या प्रवासात. त्या पानापासून मालिकेचा सूर बदलतो.

जटायू केवळ हसवायला आलेला नाही. उंट पाणी पोटात साठवतो असं तो आपल्या कादंबरीत ठोकून देतो. फेलूदा त्याला सांगतो की मदार चरबीची असते आणि त्या चरबीपासून उंटाच्या शरीरात पाणी तयार होतं. राय मुलांना माहिती देतात ती अशी, एकाची चूक दुसऱ्याने दुरुस्त करून. त्यामुळे ती पाठ न करता लक्षात राहते. जटायूचं मोडकंतोडकं हिंदी ही आणखी एक गंमत. इंग्रजी अनुवादात ती निसटते. मराठी मुलाला हिंदी कळतं, म्हणून त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

‘शोनार केल्ला’ वाचताना राजस्थानचा नकाशा शेजारी उघडा ठेवा. मागच्या जन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो म्हणणारा मुकुल, त्याला घेऊन निघालेले डॉक्टर हाजरा आणि मागावर असलेली टोळी, सगळे जोधपूरहून जैसलमेरच्या दिशेने सरकत जातात. वाटेत मोटारीची चाकं पंक्चर होतात आणि गाडी गाठण्यासाठी उंटावरून रामदेवरा स्टेशनाकडे धाव घ्यावी लागते. अंतरं डोळ्यांसमोर नसतील तर या पाठलागातला निम्मा ताण वाया जातो. चित्रपट (१९७४) मात्र आधी दाखवू नका. रायांनी स्वतःच त्यात खलनायक कोण हे लवकर उघड केलं आहे. पुस्तकात ते बराच वेळ झाकलेलं राहतं आणि मुलाला खरी डोकेफोड करायला मिळते ती तिथेच. शेवटची दोन प्रकरणं उरली की पुस्तक मिटायला सांगा आणि कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: संशयित कोण, का, आणि कोणत्या वाक्यावरून. तिसरा रकाना रिकामा राहिला तर मागची पानं पुन्हा चाळायची. सुगावे तिथे दिलेले असतात.

यानंतर ‘कैलाशे केलेंकारी’ द्या. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीच्या शिराची चोरी होते आणि माग निघतो थेट वेरूळपर्यंत. सहल काढून हे पुस्तक लेण्यांजवळ वाचता आलं तर उत्तमच. कैलास म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं. ते एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलं आहे, एवढं मुलाला आधी सांगून ठेवा. मूर्तिचोरांविषयीचा फेलूदाचा संताप इथे खरा वाटतो. जुन्या शिल्पांची तस्करी तेव्हा कल्पनेतली नव्हती, पुरावस्तूंसंबंधीचा कायदा १९७२ सालचाच आहे. तिसरं पुस्तक ‘बोम्बाइयेर बोम्बेटे’, म्हणजे जटायूच्या कादंबरीवर मुंबईत निघणारा हिंदी सिनेमा आणि रेल्वेगाडीतला शेवट. पहिली दार्जिलिंगची गोष्ट आणि लखनौ यांच्याकडे त्यानंतर वळलं तरी काही बिघडत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. मुली आणि बायका या कथांत जवळजवळ नाहीतच, आणि ही उणीव मोठी आहे. सोबत मुलगी नायिका असलेलं एखादं पुस्तक ठेवा. फेलूदा चारमिनार सिगारेट ओढतो. मूल विचारेल, तेव्हा सरळ बोला. पुनर्जन्माचा प्रश्न ‘शोनार केल्ला’ पुरता सोडवत नाही, त्यावरही बोलणं होऊ द्या.

एकट्याने वाचायला अकरा ते चौदा हे वय योग्य. नऊ-दहाच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवावं, एका बैठकीत दोन प्रकरणं. नावं आधी सांगून टाका: ‘दा’ म्हणजे दादा, आणि गोष्ट सांगणारा तोपशे हा फेलूदाचा चुलतभाऊ. तोपशे हे बंगालमध्ये एका माशाचंही नाव आहे, हे ऐकून मुलं ते विसरत नाहीत.