तितर, धाविक, पखुर्डी: गाडीतून टिपायचे, लपणात बसून की जमिनीवर सरपटून?

खानदेशात तितर ऐकू येणं अवघड नाही. पहाटे कुठल्याही बांधावर उभं राहा, बाभळीतून त्याची आरोळी येतेच. अवघड आहे त्याचा चेहरा फोटोत मिळवणं. माणूस दिसला की तितर लगेच उडत नाही. मान खाली घालतो आणि कपाशीच्या सरीतून असा सुसाट पळतो की आपल्याला फक्त पाठ मिळते.

जळगावच्या एका मुलाने नवी १५०-६०० ची लेन्स घेतली आणि मला विचारलं, "काका, बाबांची गाडी नेऊ, लपणासाठी तंबू विकत घेऊ, की सरळ पायी फिरू?" पायी फिरायचं मी त्याला पहिल्याच वाक्यात काढून टाकायला सांगितलं. तितर, धाविक, पखुर्डी हे जमिनीवर वावरणारे पक्षी चालत्या माणसाला जवळ येऊच देत नाहीत. खरा प्रश्न उरतो तो गाडी, लपण आणि सरपटणं या तिघांचा.

गाडीचा फायदा असा की शिवारातल्या पक्ष्यांना ट्रॅक्टर आणि मोटारसायकली रोजच्याच. त्यांना भीती वाटते ती दोन पायांच्या उभ्या आकृतीची. पक्षी दिसला की चाळीस-पन्नास मीटरवर इंजिन बंद करा, दोन-चार फोटो घ्या, मग थोडं पुढे. दार उघडलं की खेळ संपला. खिडकीच्या कडेला किलोभर दादर, म्हणजे आपली ज्वारी, भरलेली कापडी पिशवी ठेवली की लेन्स घट्ट बसते, ट्रायपॉड लागत नाही. एसी आधीच बंद करून काचा उघड्या ठेवा. आतली गार हवा बाहेरच्या गरम हवेत मिसळते तेव्हा लेन्ससमोर हवा थरथरते, आणि घरी गेल्यावर आपण उगाच लेन्सला दोष देतो.

पावसाळ्यातल्या सकाळी गाडीला तोड नाही. रात्रभर भिजलेल्या गवतातून तितर आणि लावे अंग सुकवायला रस्त्यावर येतात. लाव्याचा फोटो मला तरी दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने मिळालेला नाही. गवतात तो पायाखाली येईपर्यंत दबून बसतो आणि मग भुर्रकन उडतो. पण डांबरी किंवा मुरमाचा रस्ता सोडू नका. आपल्या काळ्या मातीत चाक रुतलं की दुपारपर्यंत ट्रॅक्टरची वाट पाहायची.

गाडीची मोठी उणीव म्हणजे उंची. खिडकीतून आपण पक्ष्याकडे वरून पाहतो. त्यामुळे तो जमिनीला चिकटल्यासारखा दिसतो, मागची ढेकळं आणि काड्या सगळ्या स्पष्ट येतात. नोंद म्हणून फोटो उत्तम, पण तितराच्या गळ्याखालची नाजूक काळी रेघ डोळ्यांच्या पातळीवरून पाहिली की हा फरक कळतो.

ती पातळी लपणात मिळते. त्यासाठी तंबू विकत घ्यायची गरज नाही. कापूस निघाल्यावर बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, ढीग पडलेलेच असतात. हिरव्या-तपकिरी कापडाचा आडोसा करा, वर पऱ्हाट्या टाका आणि दोन-तीन दिवस तो तसाच राहू द्या, म्हणजे पक्ष्यांना सवय होते. कापड वाऱ्याने फडफडता कामा नये. उजाडायच्या आत जाऊन बसा. वावराच्या मालकाला आदल्या दिवशी भेटून सांगा. अंधारात शेतात माणूस दिसला तर त्याला फासे लावणारा वाटणारच, आणि त्याचं चुकत नाही.

लपण सर्वात कामी येतं ते पखुर्डीसाठी (इंग्रजीत सँडग्राऊस). तपकिरी पोटाच्या पखुर्ड्या ऊन थोडं वर आल्यावर थव्याने पाण्यावर येतात. आधी पाण्यापासून लांब उतरतात, मान ताठ करून बघतात, मग तुरुतुरु चालत काठाशी येतात. चोच बुडवून काही घोट, आणि उडाल्या. पण पिल्लांच्या दिवसांत एखादा नर मागे राहतो. तो पाण्यात पोटापर्यंत उतरतो, अंग हलवून पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी पिल्लांसाठी घेऊन जातो. पिल्लं ती पिसं चोचीने चोखून पाणी पितात. हे मी एकदाच नीट पाहिलं. शटरचं बटण दाबायचं राहून गेलं, त्याचं वाईट वाटत नाही. रंगीत पखुर्डी मात्र अंधार पडताना पाण्यावर येते, म्हणून तिच्यासाठी लपणात बसू नका. तिला दिवसा खडकाळ उतारावर गाडीतूनच शोधा.

एक अट मात्र पाळाच. एप्रिल-मे मध्ये परिसरात एकच डबकं उरलं असेल तर तिथे लपण नको. पारा ४४ वर असताना आपल्यामुळे कुणी तहानलेलं परत गेलं तर तो फोटो कशाला हवा?

सरपटून मिळतो तो धाविक (इंग्रजीत कोर्सर). उघड्या माळावर तो थोडं धावतो, थांबतो, ताठ उभा राहतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा धावतो. तो धावत असताना आपण सरकायचं, थांबला की आपणही दगड व्हायचं. थेट त्याच्याकडे नाही, तिरकं जायचं. विटकरी डोकं आणि डोळ्यावरची पांढरी-काळी पट्टी, मागे पुसट झालेला माळ, असा फोटो इतर दोन्ही पद्धतींनी येत नाही. सर्वात सुंदर फोटो हाच, आणि सर्वात जास्त नुकसान करू शकणारी पद्धतही हीच.

एका एप्रिलमध्ये मी धुळ्याजवळच्या माळावर असाच सरकत होतो. धाविक लांब जाईना, भोवतीच फिरत राहिला. मला वाटलं, काय नशीब! मग डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर दोन अंडी दिसली, काळपट ठिपक्यांची, खड्यांमध्ये खड्यांसारखीच. खाली ना काडी ना गवत. त्या उन्हात आई-बाप अंड्यांवर सावली धरतात आणि मी त्यांना किती वेळ दूर ठेवलं होतं कोण जाणे. तेव्हापासून मार्च ते ऑगस्ट मी माळावर पोटावर पडत नाही. माळटिटवीही त्याच दिवसांत उघड्यावरच अंडी घालते. पक्षी दूर न जाता घुटमळत असेल तर आल्या वाटेने मागे फिरायचं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: धावत्या पक्ष्याला १/१६०० किंवा वर शटर, आयएसओ ऑटो, फोकस डोळ्यावर. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर जमिनीलगतची हवा उकळते, मग कुठलीही लेन्स घ्या, फोटो धूसरच. आरोळी रेकॉर्ड करून वाजवणं तिन्ही पद्धतींत वर्ज्य. विणीच्या दिवसांत नर सगळं सोडून भांडायला येतो. यावल, अनेर डॅम, गौताळा या अभयारण्यांत लपण किंवा सरपटणं परस्पर करायचं नाही. आधी वनविभागाकडे विचारा आणि सांगतील तेवढंच करा.

त्या मुलाला मी सांगितलं: पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बाबांची गाडी. कापूस निघाल्यावर ओळखीच्या वावरात पऱ्हाट्यांचं एक लपण. सरपटायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच. आणि तंबूचे पैसे वाचतील त्यातून गुडघ्या-कोपरांना बांधायला जाड पट्टे घे, माळावर गोखरूचे काटे आहेत.